ताईच्या डोळ्यांतल्या पेशी

माझी थोरली बहीण सकाळी गेली आणि दुपारपर्यंत आमच्या नातलगांनी तिच्या डोळ्यांची जवळजवळ वाट लावली होती. हे असंच लिहायला हवं. मृत्यूनंतर सगळेच नातलग गहिवरलेले दाखवायची रीत आहे, ती मला पाळता येत नाही.

ताई नांदेडच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. निवृत्त झाल्यावर माझ्याकडे लातूरला राहायला आली. दोघींनीही लग्न केलं नव्हतं आणि दोघींना पुस्तकांची सोबत पुरत होती. तिचा आवडता धडा पेशीचा. तो तिने घरातही सोडला नाही. कोमेजलेली मेथी पाण्यात टाकून ती मला दाखवायची, जणू मी सातवीत आहे. "बघ. झाडाच्या पेशीला भिंत असते आणि आत पाण्याची मोठी पिशवी. पिशवी भरली की पेशी ताठ, पेशी ताठ की पान ताठ. आपल्या पेशीला नुसतं पातळ आवरण. म्हणून तर आपल्याला उभं राहायला हाडं लागतात."

डोळ्यांबद्दल ती जरा हळू बोलायची. बुबुळावर जो पारदर्शक पडदा असतो, त्याच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. त्यांचं काम मेथीच्या उलट. पडद्यात झिरपणारं पाणी त्या सतत बाहेर काढत राहतात, म्हणून काच स्वच्छ राहते. माणसात त्या गेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. "पण माणूस मेला म्हणून त्या लगेच मरत नाहीत," ती म्हणायची. "काही तास टिकून राहतात. तेवढ्यात माझे डोळे देऊन टाक. बाकीचं तुला वाटेल ते कर." तिने माझ्याकडे आयुष्यात एवढी एकच गोष्ट मागितली.

म्हणून ती गेल्यावर मी रडण्याआधी नेत्रपेढीला फोन केला. त्यांनी सांगितलं, पापण्या मिटवा, वर ओला कापूस ठेवा, डोकं उशीवर उंच घ्या, पंखा बंद करा, आम्ही निघतोच. मी सगळं केलं. मे महिना होता. मग देवणीकडून गाडी भरून नातलग आले.

सगळ्यांत पुढे माझी वहिनी, म्हणजे वारलेल्या भावाची बायको. तिच्यामागे तिचा मुलगा, माझा भाचा. राजकारणात आहे म्हणतात. मी त्याला फलकांवरच पाहते.

"पंखा कुनी बंद केला गं? माणसं उकडून राहिलीत."

"वाऱ्याने डोळे सुकतात, वहिनी. ताईचे डोळे द्यायचे आहेत."

"कुनाला?"

"ज्याला लागतील त्याला."

"अगं बाई! आन् तोंड कसं दिसंल मग? लोकं बघाया यून राहिलेत."

भाच्याने तेवढ्यात बटण दाबलं. मी उठून बंद केलं. मी पाणी आणायला आत गेले, तर पुन्हा चालू. पुढच्या खेपेला शेजारच्यांचा कूलर आला आणि तो बरोबर ताईच्या तोंडासमोर लावला गेला. तिच्या पापण्यांवरचा कापूस उडून सतरंजीवर पडला होता आणि त्यावर कोणाचा तरी पाय होता.

हारांची काळजी मात्र सगळ्यांना होती. एकजण तांब्या घेऊन फिरत होता आणि झेंडूवर पाणी शिंपडत होता. देठ खुडलेल्या फुलांच्या पेशी जगवायच्या हे त्या घोळक्याला कोणी न शिकवता कळत होतं. आयुष्यभर पेशी शिकवलेल्या बाईच्या पेशी त्यांच्यासमोर मरत होत्या आणि त्यांना घाम पुसायला रुमाल पुरत नव्हते.

नेत्रपेढीची तंत्रज्ञ मुलगी पेटी घेऊन आली. भाचा दारात आडवा आला.

"थांबा जरा, मॅडम. साहेब यून राहिलेत. उदगीर सोडलंय त्यांनी. त्यांचं दर्शन झालं की घ्या तुमचं काय ते."

"सर, आणखी उशीर झाला तर उपयोग होणार नाही."

"आता आत्याला कसली घाई हाय?" तो म्हणाला, आणि मागे दोघे-तिघे हसलेसुद्धा. तिच्या उशाशी.

मी मोठ्याने बोलणारी बाई नाही. वाचनालयात नोकरी केली, आवाज खाली ठेवायची सवय आहे. मी कूलरची पिन ओढली आणि त्याच आवाजात म्हणाले, "ज्याला उकडतंय त्याने बाहेर मांडवात बसावं. ज्याला साहेब पाहिजेत त्याने फाट्यावर जाऊन उभं राहावं. आत फक्त नेत्रपेढीच्या या बाई थांबतील."

"धाकटीला बी तोंड हाय की!" एक म्हातारा पाहुणा बाहेर पडता पडता म्हणाला. "लई दिवसांनी उघडलं."

त्या मुलीला फार वेळ लागला नाही. दोन्ही पारदर्शक पडदे तिने काढून घेतले आणि पापण्या नीट मिटवल्या. ताईचं तोंड होतं तसंच राहिलं. साहेब आले, फोटोसाठी हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "झोपल्यासारख्या वाटतात." वहिनीने मान डोलावली. कसं दिसेल म्हणून मघाशी तिचाच जीव खालीवर होत होता.

पुढे नेत्रपेढीचा फोन आला. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांनी जिवंत पेशी मोजल्या होत्या. उजवा पडदा चांगला होता, तो एका माणसाला बसवला. डाव्यात पेशी फार कमी उरल्या होत्या, तो शिकाऊ डॉक्टरांच्या सरावाला दिला. पंख्यामुळे का, असं मी विचारलं. वयानेही होतं, नक्की सांगता येत नाही, असं ते सभ्यपणे म्हणाले. मी तेवढी सभ्य नाही.

चौकात फलक लागला. आत्याच्या नेत्रदानाचा आदर्श घेऊन समाजसेवा करणारा भाचा मध्यभागी, बाजूला साहेब, ताई कोपऱ्यात टिकलीएवढी.

तेराव्याला वहिनी स्वयंपाकघरात माझ्याजवळ सरकली.

"कुनाला बसवला म्हनं डोळा?"

"नाव सांगत नाहीत."

"नावाचं न्हाई गं. आपल्यातलाच हाय ना मानूस? का कुनालाबी?"

"कोणालाही," मी म्हणाले.

तिचं तोंड आंबलं. काहीतरी विटाळलं आणि आता ते परत मागता येणार नाही, असं तिला वाटत असावं. मी पोळ्या लाटत राहिले.

तो माणूस कोण, हे मलाही माहीत नाही आणि जाणून घ्यायचंही नाही. ताईच्या त्या पेशी अजून कुठेतरी पाणी बाहेर काढत आहेत, कोणाला तरी रस्ता स्वच्छ दिसतो आहे. आणि त्या काचेतून बघताना आमच्यापैकी कोणीही दृष्टीस पडत नाही, याचं मला फार बरं वाटतं.