एकशे वीस, खाली ऐंशी

रोज देवळात जाणारा माणूस देवासमोर तरी खरं बोलत असेल, असं लोक धरून चालतात. मी दोन वर्षं रोज देवासमोर उभा राहिलो आणि खरं बोललो नाही. खोटंही बोललो नाही म्हणा. बायकोचे गुडघे, मुलीचं लग्न, माझी बदली, सगळं सांगितलं. जे सांगायचं होतं तेवढं सोडून. देव आहे की नाही ही शंका मला कधी आली नाही. आलेली शंका वेगळी होती. तो असलाच तर त्याला सगळं ठाऊक असणार, त्यापेक्षा तो नसलेला बरा, असं मनात येऊन जायचं आणि मग मी आणखी जोरात हात जोडायचो.

मी सोलापुरात एका धर्मादाय दवाखान्यात आरोग्य कर्मचारी आहे. दवाखान्याचं नाव लिहीत नाही आणि माझंही लिहीत नाही. चूक माझी एकट्याची होती. पूर्व भागातल्या यंत्रमागाच्या चार गल्ल्या माझ्याकडे होत्या. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचं दर तीन महिन्यांनी बीपी बघायचं, कार्डावर लिहायचं, जास्त असेल त्याला दवाखान्यात पाठवायचं, एवढंच काम. ऐकायला सोपं आहे. पण टॉवेलच्या कारखान्यात बारा माग एकदम चालत असताना कानाला नळी लावून बघा. दंडातलं रक्त वाजतंय का पलीकडचा माग वाजतोय, काही कळत नाही. माणसाला बाहेर न्यायचं तर माग थांबतो, मालक कपाळाला आठ्या घालतो, आणि कामगार स्वतःच म्हणतो, "नंतर या की सर." घरी बायका विड्या वळत बसलेल्या, त्यांना पट्ट्यासाठी हात मोकळा करायला सांगितलं की त्याच हसायच्या, "हाताला सुट्टी दिली तर विड्यांचं सूप भरणार कोण?" पहिल्यांदा मी खोटं लिहिलं ते खरोखर ऐकू आलं नाही म्हणून. एकशे वीस, खाली ऐंशी. काही झालं नाही. मग पुढच्या वेळी नळी कानाला लावलीच नाही. नंतर नंतर तर मी घरी चहा पिता पिता कार्डं भरायचो. सगळी सारखी दिसू नयेत म्हणून मधूनच एखादं एकशे चोवीस, ब्याऐंशी. आमची ही म्हणायची, तुमच्या गल्लीतली माणसं भलती निरोगी आहेत हो. मी हसायचो.

त्या गल्लीत राजेशम होता. पन्नाशीच्या आतला, तेलुगू विणकर, पहाटेच्या पाळीला लागला की दुपारी सुटणारा. भातावर लोणच्याचा खार ओतून जेवायचा, तंबाखू कायम गालात. एकदा तो स्वतःहून कारखान्याच्या दारापर्यंत माझ्यामागे आला. मान जड वाटते, सकाळी डोकं भणभणतं, जरा बघता का, म्हणाला. मला उशीर झाला होता. कशासाठी, ते आता आठवतही नाही. मी कार्ड उघडून त्याला दाखवलं आणि म्हणालो, मागच्याच महिन्यात बघितलंय की, एकदम नॉर्मल आहे, झोप कमी पडत असेल. त्याने कार्डाकडे बघितलं, समाधानाने मान हलवली आणि परत गेला. नऊ दिवसांनी तो मागावरच कोसळला. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

मी भेटायला गेलो. न जाऊन भागणार नव्हतं. त्याची बायको, पद्मक्का, भिंतीला टेकून बसली होती. तिने मला बसायला पाट दिला आणि बायकांना सांगू लागली, "हे सर दर टायमाला बघायचे. सगळं बराबर होतं. देवानंच नेलं, कुणाची काय चूक." ती मला दिलासा देत होती. मी तिथे पाणी प्यालो आणि उठून आलो.

त्यानंतर महिनाभरात मला माग ऐकू यायला लागला. एकच माग, कानाच्या आत. खट्, खट्, खट्. आधी वाटलं, इतकी वर्षं कारखान्यांतून फिरलो त्याचा हा परिणाम. पण साप्ताहिक सुट्टीला सगळे कारखाने बंद असताना, भर दुपारी गल्लीत कुत्रंसुद्धा हलत नसताना, तो चालूच असायचा. जिना चढलो की त्याचा वेग वाढायचा. पंगतीत बसलो की घासाघासाला वाजायचा. एकदा राजेशमच्या बंद कारखान्यावरून जाताना तो इतका स्पष्ट झाला, की मी कडीला हात लावून बघितला. कुलूप होतं. पत्र्याच्या फटीतून आत बघितलं. सगळे माग कापड टाकून झाकलेले, हवेत कापसाचे तंतू तरंगत होते, आणि माझ्या कानात खट्, खट्. कुणाला सांगणार? मी काय केलं हे सांगितल्याशिवाय हे सांगता येत नव्हतं.

म्हणून मी सिद्धेश्वराकडे वळलो. आमच्या गावाभोवती सिद्धरामेश्वरांनी स्थापलेली अडुसष्ट लिंगं आहेत. संक्रांतीच्या यात्रेत त्यांना तेलाचा अभिषेक होतो हे सगळ्यांना माहीत आहे. एरवी काही लिंगं कुणाच्या परसात, काही रस्त्याच्या कडेला, काही लिंबाखाली आपापली असतात. रोज एका लिंगाला जायचं, थोडं तेल वाहायचं, अडुसष्ट झाली की पुन्हा पहिल्यापासून, असा नेम मी केला. स्वतःशी त्याला प्रायश्चित्त म्हटलं. खरं सांगायचं तर पद्मक्काच्या दारात जाण्यापेक्षा अडुसष्ट लिंगं सोपी होती. स्वतःच्या दंडाला पट्टा मात्र मी एकदाही बांधला नव्हता. पिशवीत यंत्र रोज होतं. भीती वाटायची.

चैत्रातली दुपार होती. कामावरून थेट निघालो होतो, पिशवी खांद्याला. ज्या लिंगाला जायचं होतं ते दोन घरांच्या मधल्या मोकळ्या जागेत, एका पारावर आहे. ऊन असं, की रस्ता पांढरा दिसत होता. पारावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. अंगात बंडी, डोक्याला फडकं, उजवी बाही वर सारलेली. मी त्यांना कधी बघितलेलं नव्हतं. ते माझी वाट बघत असल्यासारखा त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "बघा की."

सवयीने पिशवी उघडली. पट्टा बांधला, नळी कानाला लावली, हवा भरली, सोडली. दोनशेपासून सुई खाली शून्यावर आली. काहीच ऐकू आलं नाही. नळी बिघडली असेल म्हणून बोटाने टिचकी मारली. टिचकी स्वच्छ ऐकू आली. पुन्हा हवा भरली. पुन्हा काही नाही. मनगटावर बोटं ठेवली तर त्या उन्हात त्यांची कातडी थंड लागली, नाडी सापडेना. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की माझ्या कानातला मागही थांबला होता. दोन वर्षांत पहिल्यांदा एवढी शांतता. ती मला सहन झाली नाही. मी घाईने वही काढली आणि लिहिलं.

"किती आलं?" त्यांनी विचारलं.

"एकशे वीस, ऐंशी. नॉर्मल आहे."

ते हसले. आजोबा नातवाच्या लबाडीला हसतात तसं. "सगळ्यांचं तेवढंच येतंय व्हय तुमच्याकडं?"

मला घाम फुटला. त्यांनी स्वतःच्या दंडाचा पट्टा काढला आणि माझ्या डाव्या दंडाला बांधला, अगदी बरोबर जागी, कोपराच्या वर दोन बोटं सोडून. फुगाही त्यांनीच दाबला. नळी माझ्याच कानात होती. सुई दोनशेच्या वर गेली, हळू उतरू लागली, आणि दोनशेच्या जरा खाली नळीतून आवाज सुरू झाला. खट्, खट्, खट्. तोच माग. तेच ठोके, तोच वेग. मी सुईकडे बघत राहिलो. ती एकशे वीस ओलांडून खाली गेली तरी आवाज थांबला नाही.

"राजेशमचंबी असंच वाजत हुतं," ते म्हणाले. "ऐकलं न्हाय कुणी."

पुढचं मला तुटक आठवतं. डावा हात जड झाला, छातीवर कुणीतरी भिजलेली चादर घडी करून ठेवल्यासारखं वाटलं. मान वर केली तेव्हा पारावर मी एकटा होतो. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा उभी होती. चालवणारा साठीचा मुसलमान गृहस्थ. त्याने मला काखेत धरून आत बसवलं आणि वाटभर बोलत राहिला, जेणेकरून मी डोळे मिटू नयेत. "सोना नई साब, मेरेकू तुमारे गाँव का नाम बताव. बच्चे कित्ते? बोलते रहो." मोठ्या सरकारी दवाखान्याच्या दारात मी त्याला विचारलं, मला न्यायला कुणी सांगितलं? तो म्हणाला, "एक बुड्ढे बाबा आके रिक्षे पे हात रखे. कुच बोले नई. बस उधर बताए." मी त्या पाराजवळच्या घरांत नंतर चौकशी केली. तसे कुणी गृहस्थ तिथे राहत नव्हते. मी त्यावर वाद घालत नाही आणि कुणाला पटवायलाही जात नाही.

दवाखान्यात तपासणाऱ्या डॉक्टर बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. बीपी अनेक वर्षं वाढलेलं असणार, हृदयाची भिंत जाड झाली आहे, झटक्याच्या उंबऱ्यावरून परत आलात, असं त्यांनी सांगितलं. कानातल्या मागाबद्दल मी त्यांना पहिल्यांदा बोललो. त्या म्हणाल्या, तो तुमच्याच नाडीचा आवाज आहे काका, बीपी फार वाढलं की काहींना ऐकू येतो. असेल. मला ते पटलं आणि त्याने काहीच सुटलं नाही. मग त्यांनी विचारलं, तुम्ही तर हेच काम करता, शेवटचं स्वतःचं कधी बघितलं होतं? मी भिंतीकडे तोंड केलं आणि रडलो. त्यांना वाटलं, मी मरणाला घाबरलो.

घरी आल्यावर दोन कामं केली. आमच्या मुख्य डॉक्टरांना सगळं लिहून दिलं. नोकरी जाईल असं धरूनच चाललो होतो. त्यांनी फेरी काढून घेतली, औषधांच्या खोलीत बसवलं, आणि चारही गल्ल्या परिचारिकेकडून नव्याने तपासायचं ठरवलं. ते बरोबरच केलं. दुसरं काम पद्मक्काच्या दारात जाण्याचं. आमच्या हिला आदल्या दिवशी सांगितलं होतं. ती म्हणाली, "मी येऊ बरोबर?" मी नको म्हणालो.

पद्मक्का विड्या वळत होती. मी उभ्यानेच सांगितलं. ऐकू आलं नव्हतं इथपासून, कार्ड दाखवून त्याला परत पाठवलं इथपर्यंत, आणि आता नर्सताई गल्लीत सगळ्यांना नव्याने तपासणार हेही. तिचे हात थांबले. आतून कुकरची शिट्टी झाली. ती उठली नाही. मी पाया पडायला वाकलो तर तिने पाय मागे घेतले.

"तवा एक शब्द बोलला असता," ती म्हणाली, "तर मी त्याला ओढत नेलं असतं." मग विड्यांचं सूप बाजूला सारत, "मी माफ केलं न्हाई तुमाला. करणार बी न्हाई. पण नर्सबाई एकटी आली तर गल्लीतल्या बायका हात देणार न्हाईत. मी बसते दारात. मग बघते हात न देता कोण उठतंय."

आणि ती बसली. पुढचे आठ रविवार आमच्या नर्सताई, मागे यंत्राची पिशवी उचलून मी, आणि ओट्यावर पद्मक्का. कारखान्याच्या आत कुणाला तपासायचं नाही, माणसाने बाहेर येऊन पाच मिनिटं गप बसायचं, मगच पट्टा, हा नियम तिने घातला. मालक कुरकुरला तर तेलुगूत असं काही म्हणाली, की तो स्वतः बाही सारून पहिला बसला. बहुतेकांचं बरं होतं. काहींचं बरं नव्हतं, त्यातल्या तिघांना त्याच दिवशी दवाखान्यात न्यावं लागलं. ते तिघे आज कामावर आहेत. लोणच्याचा खार कमी झालाय, गोळ्या चालू आहेत, बरं वाटलं म्हणून गोळी सोडली की पद्मक्का गल्लीत सर्वांसमोर उद्धार करते. तिने स्वतःचा हात नर्सताईंना दिला. मला अजून दिलेला नाही.

राजेशमसारखी माझ्याही गालात असायची ती तंबाखू सुटली. लिंगांचा नेमही चालू आहे. डॉक्टर बाई त्याला चालणं म्हणतात, मी नेम म्हणतो, दोघांचंही भागतं. कानातला माग गोळ्या सुरू झाल्यावर विरत गेला. कधी कधी त्याची आठवण होते, आणि मी मनातल्या मनात त्या पारावरच्या हाताला नमस्कार करतो. मला जगवण्यासाठी तो हात आला, असं समजण्याइतका मी मोठा नाही. त्या तिघांसाठी आला असेल. पूर्वी मी म्हणायचो, सगळं देवावर सोडलंय. ते सोडणं नव्हतं, ते दडवणं होतं. शरण जाणं फार साधं निघालं. आपल्या दंडावर दुसऱ्याला हात ठेवू द्यायचा आणि जे निघेल ते ऐकून घ्यायचं.

पद्मक्का आता यंत्र वापरायला शिकली आहे, नर्सताईंनी शिकवलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी ती माझं बीपी बघते. पट्टा जरा जास्तच आवळते. मी सुईकडे बघत नाही. ती सांगेल ते लिहितो. परवा म्हणाली, "एकशे बेचाळीस. मीठ खाल्लंय." मी एकशे बेचाळीस लिहिलं.