बकऱ्यांची मांडणी

आणीबाणीच्या साली पौडच्या दवाखान्याबाहेर फरशीवर रेघा मारून आमी वाघ-बकरी खेळत होतो. त्याचा वाघ, माझ्या बकऱ्या. घोंगडीवाला अनोळखी गडी. चाल करायच्या आधी खडा मिशीला घासायचा आणि माझ्या बकऱ्यांकडंच बघत राह्यचा.

"पाव्हणं, वाघ कोंडायचं सोडून एकाच बकरीला राखत बसलाय. आत कोण हाय?"

"बायको. लई आजारी हाय."

"मग हितं खडं काय हलवताय?"

"बायकांच्या खोलीत गड्यानं बसायची रीत न्हाई."

"वाघानं खाल्ली ती रीत! उठा."

उठलो. तिचा हात धरून बसलो. तिन्हीसांजेला ती गेली. बाहेर आलो तर गडी निघून गेलेला. ती एकटी गेली न्हाई, एवढं त्याला सांगायचं राहूनच गेलं.