सिद्धलिंग सरांचे दोन मृत्यू

त्र्याण्णवच्या भूकंपात सिद्धलिंग सरांचे आईवडील गेले. सर तेव्हा लातूरला होस्टेलवर होते, तरी मृतांच्या यादीत त्यांचंही नाव चढलं. दुरुस्तीला गेले तर कचेरीतल्या बाबूनं हयातीचा दाखला मागितला. तो द्यायचा होता त्याच बाबूनं. सरांनी नाद सोडला. पुढे बायोलॉजीचा क्लास काढला आणि स्वतःचा मृत्यूचा दाखला फ्रेम करून फळ्याशेजारी टांगला. त्यांचं इन्कम टॅक्सचं रिटर्न मी भरायचो. मला ही चेष्टा अजिबात आवडत नसे.

सतरा सालच्या मार्चमध्ये सर हार्ट अटॅकनं खरोखर गेले. शेवटचं रिटर्न शिवकांतावहिनींनी वारस म्हणून भरायचं होतं. वारस दाखल्यासाठी मी त्यांना घेऊन त्याच कचेरीत गेलो. बाबू नवा होता, रजिस्टर जुनंच.

"हे तर त्र्याण्णवलाच मयत हायत," बाबू म्हणाला.

"आमचं लगीन शहाण्णवला झालं," वहिनी म्हणाल्या.

"मयताशी लगीन होत न्हाई बाई. तुम्ही त्यांच्या कोणीच लागत न्हाई."

माझं डोकं सणकलं. एकवीस वर्षं संसार केलेल्या बाईला हा कोण सांगणारा? वहिनी बाहेर पायरीवर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "वाजिदभाई, सर जिते होते हे दाखवावं लागतंय."

महिनाभर आम्ही तेच केलं. मी कपाटातून सरांची अठरा रिटर्नं काढली. त्यांचे विद्यार्थी आता गावोगावी डॉक्टर. एक्केचाळीस जणांनी आपापल्या लेटरहेडवर त्र्याण्णवनंतरही सर जिवंत असल्याचं लिहून दिलं. किनवटच्या एकानं तर सवयीनं 'तब्येत उत्तम, कामावर रुजू होण्यास हरकत नाही' असंही लिहिलं. बाबूनं तोही कागद फायलीला लावला, जुनी नोंद रद्द केली आणि वहिनींना दाखला दिला. आता त्या सरांच्या बायको होत्या.

तिथून सरळ माझ्या ऑफिसात आलो. रिटर्न उघडलं. करदात्याच्या मृत्यूची तारीख विचारली होती. मी वहिनींकडे पाहिलं.

"महिनाभर ज्याला-त्याला सांगत फिरले मी, सर जिते होते म्हणून," त्या म्हणाल्या. "कागदावर आत्ता कुठं जिते झालेत. आजच्या दिवस राहू द्या की."

रिटर्न भरायचा तो शेवटचा दिवस होता. मी कॉम्प्युटर बंद केला.