तव्याविषयीचा शब्द

श्रीनारायणाचे स्मरण करून, आजच्या अतिथिपूजनाच्या निमित्ताने, एका अनामिक पाहुण्याविषयी लिहितो.

पडघ्याला बस बंद पडली, तेव्हा एक बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, वृद्ध आमच्या ओटीवर टेकले. सकाळपासून उपाशी होते. पत्नीने भाकरी पुढे केली. निषिद्ध मांस शिजलेले भांडे त्यांच्या धर्मात वर्ज्य, म्हणून टोपी सावरत त्यांनी विचारले, "वहिनी, तवा कुठला?"

"आमचा तडकला, भाऊ. हा शेजारचा. त्यावर काय भाजलंय, मला ठाऊक नाही."

भाकरी हळूच बाजूला सारून ते हसले. "ज्याला 'ठाऊक नाही' म्हणता येतं, त्याच्याच 'चालेल'वर माझा भरवसा."

मग तिने लाडू आणले. "कढई आमचीच. मांस कधी शिजलं नाही."

काहीही न विचारता, प्रार्थना पुटपुटून त्यांनी लाडू खाल्ले.

वाचकहो, तुमच्या घरी अन्न अक्षय राहो आणि त्याविषयीचा शब्दही खरा राहो.