दादाला साखर हवी होती

माझा भाऊ शिऱ्याच्या पातेल्याशेजारी साखर कमी पडून गेला.

आज खंडेनवमी. वर्ष झालं.

लोक अजून विचारतात, काय झालं होतं? मी म्हणते, शुगर होती. ते मान हलवतात. गोड खात असणार, असं त्यांना वाटतं.

दादा गोड खात नव्हता.

शुगर निघाली त्या दिवशी त्याने चहातली साखर बंद केली. महाळुंग्याला ज्या कंपनीत तो प्रेस मशीन चालवायचा, तिथे सगळ्यांना दम भरला.
"मला कुणी गोड द्यायचं नाही. मी मागितलं तरी द्यायचं नाही."

एक गोष्ट मात्र सुटली नाही. कोल्ड्रिंक.
लातूर सोडून काळेवाडीत आल्यापासूनची त्याची तेवढीच चैन. शिफ्ट सुटली की टपरीवर उभं राहून एक थंडगार बाटली.

मग कोणीतरी त्याला झिरो शुगरचा कॅन दाखवला.

"तू शिकलेली आहेस. वाच," तो मला म्हणाला.
मी वाचलं. साखर खरंच शून्य होती.

वहिनीने डॉक्टरांना विचारलं, "हे यांना चांगलं का?"
"साखरेच्या कोल्ड्रिंकपेक्षा बरं," डॉक्टर म्हणाले. "पण रोजची सवय नको. तहान लागली की पाणी प्या. हे काही औषध नाही."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना दादा खुशीत.
"ऐकलंस? बरं म्हणाले."
"त्याच्या पुढचं पण म्हणाले," वहिनी.
"पुढचं तुझ्यासाठी होतं गं."

तेव्हापासून त्याच्या पिशवीत रोज एक कॅन. कंपनीत त्याला 'भाऊंचं टॉनिक' म्हणायचे.

पुढे इन्सुलिन सुरू झालं. डॉक्टरांनी बजावलं होतं, दरदरून घाम आला, हात थरथरले, तर साखर फार उतरली समजा, लगेच साखर खा. खिशात ठेवा. सोबतच्यांना सांगून ठेवा.

दादाने कुणालाच सांगितलं नाही.
ज्यांना गोड देऊ नका म्हणून दटावलं, त्यांना आता द्या म्हणून कसं सांगायचं? त्याला लाज वाटली असेल.
मला तरी एवढंच सुचतं.

नवरात्र आलं. आमच्याकडे नऊ दिवसांचे उपवास. आईनंतर ते दादाने धरले होते.

"सुई तेवढीच टोचताय. पोटात काय जातंय?" वहिनी रोज म्हणायची. "डॉक्टरांना एकदा विचारा तरी."
"ते नको म्हणतील."
"मग?"
"म्हणूनच विचारत नाही."

खंडेनवमीला कंपनीत काय घडलं ते मला सोपानने सांगितलं. दादाच्या शेजारच्या प्रेसवरचा. खेडकडच्या गावातला. दादाच्या तेराव्याला आमच्या दाराच्या पायरीवर बसला होता. आत येईना.

"ताई, भाऊ सकाळधरनं गप व्हते. मशीनला हार घालताना हात कापत व्हता. शर्ट पार भिजल्याला. आमी म्हणलं, उपासाचं हाय."

मग दादा खाली बसला. काहीबाही बोलू लागला. सोपानला शिवी दिली.
दादाने. ज्याने घरात कधी आवाज चढवला नाही.

पूजा झाली होती. शिऱ्याचं पातेलं तिथेच होतं. कोणीतरी द्रोण भरून दादाच्या पुढ्यात धरला.

"आन् मी त्यो मागं वढला, ताई. म्हणलं, येडा का काय तू? भाऊला शुगर हाय, मारतो का त्यांला? त्यांच्याच पिशवीतलं झिरोचं काढलं. फोडून तोंडाला लावलं. प्याले, समदं प्याले. मला वाटलं, आता बरं वाटंल."

त्याला बाकावर आडवं केलं.
कोणीतरी म्हणालं, "झोपू द्या राव, उपास लागलाय."

प्रसाद वाटून झाल्यावर उठवायला गेले. दादा उठला नाही.

कंपनीच्या गाडीत घातलं. चाकणच्या चौकात गाडी नेहमीसारखी अडकली.

हॉस्पिटलमध्ये बोटातून रक्त काढलं. मशीनवर आकडा आलाच नाही. इतकी खाली होती साखर.
खूप उशीर झाला होता. दादा शुद्धीवर आलाच नाही. संध्याकाळी गेला.

डॉक्टरांनी विचारलं होतं, काही दिलं होतं का यांना?
सोपानने सांगितलं.
डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं.

या वर्षात मी पुष्कळ वाचलं. असली पेयं मधुमेहींना चांगली की वाईट. कोणी म्हणतं, साखरेपेक्षा बरी. कोणी म्हणतं, गोडाची ओढ तशीच राहते, पाणीच प्या. यावर वाद आहेत. एका गोष्टीवर वाद नाही. त्या पेयांनी रक्तातली साखर वाढत नाही. त्यासाठीच लोक ती घेतात.

दादाला त्या सकाळी फक्त तेवढंच हवं होतं. साखर वाढायला हवी होती.

मला कुणाचा तरी राग धरायचा होता. कॅनचा धरून पाहिला. देवीचा धरून पाहिला. टिकत नाही.
सगळ्यांनी दादाचं ऐकलं. एवढंच झालं.

तुमच्या घरात कोणी इन्सुलिन घेत असेल तर त्यांच्या सोबतच्यांना आजच सांगा. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं दिसलं की साखर द्या. खरी साखर. गिळता येत नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा.
मला कळतं की हे लिहून आमच्या घरात काही बदलत नाही.

आज सोपान पूजेला गेला नाही. सकाळीच आमच्याकडे आला. या वेळी आत आला. वहिनीने चहा दिला. तो कपाकडे बघत राहिला.

"वैनी, त्यो द्रोण मी मागं वढला नसता तर?"

वहिनी पदराने हात पुसत उभी होती.
"चहा घ्या भाऊजी. गार होतोय."

त्याने घेतला.

दादा, तुला श्रद्धांजली. याहून जास्त मला लिहवत नाही.