बुजगावण्याभोवतीची चौकट

फोटोतला माणूस संगणकानं ओळखावा, यावर मी संशोधन करते. ऊन असो, धूळ असो, माणूस अर्धा झाकलेला असो, प्रोग्रामनं चुकायचं नाही. माणूस दिसला की त्याच्याभोवती हिरवी चौकट आखायची. पुण्यातल्या प्रयोगशाळेत तो कधी चुकत नसे, त्यामुळे मलाही जरा ताठा आला होता.

त्या पावसाळ्यात कळंबजवळच्या आमच्या रानात मी सोयाबीनच्या खुरपणीचे फोटो काढले. आई आणि तिच्याबरोबरच्या बाया आपापल्या ओळीची पात धरून खुरपत बसल्या होत्या, पाठी वाकलेल्या, पदर तोंडावर ओढलेले. बांधावरच लॅपटॉप उघडला. प्रोग्रामनं एकच चौकट आखली, तीही बुजगावण्याभोवती! वडिलांचा जुना सदरा घालून ते ऐटीत उभं होतं. बायांपैकी एकीच्याही वाट्याला चौकट आली नव्हती.

आई खुरपं हातात घेऊनच बघायला आली.

"आमी कुठं हाव ह्याच्यात?"

"त्याला तुमी कुणीच दिसंना, आई."

"आन् बुजगावणं दिसलं व्हय? मग त्यालाच लाव की खुरपायला!"

बाया खो खो हसल्या. मीही हसले, पण तळपायाची आग मस्तकात गेली होती. असले प्रोग्राम ज्या फोटोंवर शिकवतात ते एकदा बघा. सगळी माणसं उभी, नाहीतर चालणारी. वाकून काम करणारं माणूस त्यात औषधालाही सापडत नाही.

माझ्याबरोबर शोधनिबंध लिहिणारे ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले, "हे फोटो काढून टाका. अचूकता घसरतेय, निबंध परत येईल. नाहीतर त्या बायांना घटकाभर उभं राहायला सांगा." माझी बढती त्याच निबंधावर अडली होती, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

"फोटो राहतील, सर," मी म्हणाले. "कुठल्याही परिस्थितीत माणूस ओळखणारा प्रोग्राम, असं आपण शीर्षकात लिहिलंय. माझी आई त्यात धरायची नसेल, तर आधी शीर्षक बदला."

त्यांनी आपलं नाव काढून घेतलं. मी एकटीनं निबंध पाठवला, पहिल्याच पानावर ते बुजगावणं चौकटीसकट छापून. तो परत आला आणि बढतीही राहिली. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण फोटो वगळले नाहीत. वाकलेल्या पाठी आणि झाकलेली तोंडं दाखवून प्रोग्रामला पहिल्यापासून शिकवायला घेतलं. आता हट्टाला पेटले होते.

परवा आईचा फोन आला. "दिसले का गं मी?"

"अजून अर्धीच दिसतीस. पण बुजगावण्याला आता तो माणूस म्हणत न्हाय."

"तेवढं तरी कळलं म्हणायचं. पुढल्या खुरपणीला ये परत फोटो काढायला." मग तिचा आवाज चढला. "पर आत्ताच सांगून ठेवते, तुझ्या यंत्रासाठी आमी काय उभ्या ऱ्हानार न्हाय."