चार कोपऱ्यांचं कुंकू

शिंदे बाई दोनदा वारल्या. त्यातली पहिली खेप माझ्यामुळे झाली.

मी तेव्हा परतूरहून एका दैनिकाला बातम्या पाठवत होतो. कापसाचे भाव, एसटीचे अपघात आणि निधनवार्ता. त्यातल्या त्यात निधनवार्तांवर माझा हात बसला होता. (भावात घासाघीस होते, मेलेला माणूस तक्रार करत नाही. असं मला त्या वेळी वाटायचं.) त्या उन्हाळ्यात माझ्या मुलीच्या, चौथीतल्या नंदाच्या, शिंदे बाईंची मंठ्याला बदली झाली. नंदाला एकच घोर लागला. मंठ्याला नव्या पोरी भेटल्या की बाई आपल्याला विसरणार.

"बाबा, बाईंना काहीतरी द्यायचंच. त्या जपून ठेवतील असं."

"मंग विकत कशाला? घरीच करू की!" मी म्हणालो. ते वर्ष काही विकत घ्यावं असं नव्हतंच.

मी रशीदभाईंच्या छापखान्यात गेलो. लग्नपत्रिका कापून उरलेल्या जाड कागदाच्या पट्ट्या त्यांनी फुकट दिल्या.

"कागद लागंल तेवढा घ्या भाऊ. पर चित्राचा ठसा एकच मोकळा हाय."

"गणपती?"

"गणपती मशिनवर चढलाय. सनईवाला बी चढलाय. लगनसराई संपल्याबगैर दोघंबी खाली येत न्हाईत!"

मोकळा होता तो समईचा ठसा. ही समई वर्षभर फक्त श्रद्धांजलीच्या जाहिरातीत तेवायची. पण रोज पाहून माझी नजर मेली होती; मला नुसती समई दिसली. रशीदभाईंनी शाई लावून ती उमटवून दिली आणि सवयीने भोवती जाड काळी चौकटही टाकली. "उघडं बरं न्हाई दिसत," म्हणाले. मलाही पटलं.

मजकूर मी रचला. शुभेच्छा लिहायचा सराव नव्हता, म्हणून येत होतं तेच लिहिलं: 'सौ. शिंदे बाई. आपल्या जाण्याने शाळेत कधीही भरून न निघणारी पोकळी निर्माण झाली आहे. आपली आठवण सदैव येत राहील.' खाली नंदाने वळणदार अक्षरात स्वतःचं नाव घातलं.

बायकोने पत्र लांब धरून पाहिलं. "अहो, हे बघून माझ्या पोटात गोळा का येऊन राह्यला?"

"कलेचा परिणाम असतो तसा."

"मंग चार कोपऱ्यांना कुंकू तरी लावा! बिनकुंकवाचं पत्र कसलं असतं, ठाऊक न्हाई का तुम्हाला?"

ठाऊक होतं. आमच्याकडे शुभ पत्राच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लागतं. कोपरे कोरे असले की पत्र मयताचं. ते दारातच वाचायचं आणि दारातच फाडायचं.

"डाग पडतील," मी म्हणालो. "छपाई खराब होते."

बाई त्या दिवशी बदलीच्या कामाला जालन्याला गेल्या होत्या. नंदाने पत्र दाराच्या फटीतून आत सरकवलं आणि लाजून पळून आली. आत बाईंच्या सासूबाई होत्या. त्यांना अक्षर येत नव्हतं. पण काळी चौकट आणि कोरे कोपरे वाचायला शाळा लागत नाही. त्यांनी शेजारच्या मास्तरांना हाक मारली. मास्तरांनी मोठ्याने सुरुवात केली, "सौ. शिंदे बाई, आपल्या जाण्याने..." पुढचं कोणी ऐकलंच नाही!

मी त्या वेळी एसटी स्टँडवर होतो. बातम्यांचं पाकीट ड्रायव्हरच्या हाती देत होतो, तेवढ्यात चहावाला म्हणाला, "शिंदे बाई गेल्या म्हणं. सकाळीच जालन्याला गेल्त्या. घरी नुसती रडारड चालू हाय."

नंदाला कसं सांगायचं, हे आधी मनात आलं. (पण हात थांबला नाही. असले हात पत्रकाराचेच.) पाकीट फोडलं, चार ओळी वाढवल्या, 'शाळेत कधीही भरून न निघणारी पोकळी' हेही घातलं. गाडी सुटली. मग सविस्तर माहितीसाठी बाईंच्या घरी गेलो. अंगणात माणसं बसलेली. आत सासूबाईंचा हंबरडा.

"बातमीला आधार काय?" मी दबक्या आवाजात विचारलं.

"लेखी आधार हाय," म्हणत मास्तरांनी फाडलेल्या पत्राचे तुकडे माझ्या तळहातावर जुळवले.

मी समई ओळखली. मग मजकूर. मग माझ्या मुलीचं नाव.

अंगणात कुणाला काही न सांगता, आधी बातमी थांबवायला धावत पोस्टात गेलो. ट्रंक कॉल लागला नाही. घरी आलो तर नंदा कोपऱ्यात बसलेली. कुणीतरी तिला सांगितलं होतं.

"बाबा, मी पत्र टाकलं म्हणून बाई गेल्या का?"

"बाई कुठं गेल्या न्हाईत गं. पत्र मी लिहिलं, चूक माझी," मी म्हणालो.

संध्याकाळच्या पॅसेंजरने बाई आल्या. हातात कलिंगड होतं. अंगणात पाय ठेवताच माणसं उठून मागे सरली. सासूबाईंनी आधी कलिंगड चाचपलं, मग सून. दुसऱ्या दिवशी पेपरात बाई गेलेल्या होत्या. तिसऱ्या दिवशी खालच्या कोपऱ्यात, बारीक टाइपात, परत आल्या.

बाई मंठ्याच्या गाडीत बसल्या तेव्हा नंदा माझ्यामागे लपली होती.

"माझं पत्र कुठंय गं?" बाईंनी खिडकीतून विचारलं.

नंदाने फ्रॉकच्या खिशातून उरलेली एक पट्टी काढली. तिच्यावर चित्र नव्हतं, मजकूर नव्हता. पेन्सिलीने 'नंदा' लिहिलेलं, आणि चार कोपऱ्यांना कुंकवाचे चार अंगठे. एक तर पार पसरलेला. बाईंनी ती पर्समध्ये ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ, माझी खरी वेळ येईल ना, तवा दुसऱ्या कुणाला लिहायला सांगा."

बऱ्याच वर्षांनी ती वेळ आली. बाईंच्या सुनेने नंदाला कळवलं; पर्समध्ये ती पट्टी सापडली होती, पेन्सिल पुसलेली, कुंकू मात्र तसंच. मी शब्द पाळला. स्वतः लिहिलं नाही, मंठ्याच्या वार्ताहराला लिहायला सांगितलं. त्याने बातमी पाठवली. ऑफिसातून त्याला उलट फोन आला:

"परतूरच्या त्या माणसाकडून कळलं म्हणता? मग छापायच्या आधी एकदा बाईंना विचारून घ्या."